व्याहीबुवांचा आवाज

माझे सासरे घड्याळं दुरुस्त करतात. पक्के प्रोटेस्टंट. देवाशी बोलायला मध्ये कुणी लागत नाही, यावर त्यांचा ठाम विश्वास. चहा हवा असला मात्र ते बायकोला कधीच सांगत नाहीत. सासूबाई समोर बसलेल्या असल्या तरी मला म्हणतात, "सूनबाई, आईला विचार, चहा होतोय का."

माझे बाबा सुतार, आणि तितकेच पक्के कॅथलिक. रोज सकाळी आमच्या घरच्या ग्रुपवर पवित्र मरीयेचं चित्र टाकायचे, खाली 'आमच्यासाठी विनंती कर.' एके दिवशी सासऱ्यांनी त्याखाली लिहिलं, 'थेट मालकाशी बोलता येत असताना वशिला कशाला?' बाबांनी लिहिलं, 'उचलली जीभ लावली टाळ्याला.' मग इकडून 'मूर्तिपूजक', तिकडून 'दीडशहाणे'. जेवणाच्या वेळेपर्यंत दोघांनी एकमेकांचे पूर्वज उकरून काढले. नवऱ्याने ग्रुप म्यूट केला होता, सुखी माणूस! ग्रुप मी काढलेला, त्यामुळे माझी सुटका नव्हती. संध्याकाळी बाबांनी जाहीर केलं, 'त्या घराची पायरी आता चढणार नाही.'

आणि माझ्या बाळासाठी बाबांनी केलेला पाळणा त्यांच्याकडेच! आमच्या अरुंद जिन्यातून अख्खा पाळणा वर येत नाही. सुटे भाग आणून खोलीतच जोडायचे ठरले होते, आणि स्वतःच्या जोडकामाला बाबा दुसऱ्याचा हात लागू देत नाहीत. माझे दिवस भरत आले होते. "दुकानातून आणू या की," नवरा म्हणाला. मी नुसतं बघितलं त्याच्याकडे. मला विकतचा पाळणा नको होता. मला बाबा हवे होते, या घरात, माझ्या बाळासाठी ठोकाठोक करताना.

त्याच सुमारास सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. फोनकडे बघायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. काळा चष्मा लावून त्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "अहो, ग्रुपवर काय चाललंय, वाचून दाखवा."

"सूनबाई, तू जरा..."

"तिला कशाला? तोंड नाही का तुम्हाला?"

सासरे बाबांचा मेसेज वाचू लागले, पण तोंड वेंगाडून, नाकातून.

"नीट वाचा," सासूबाई म्हणाल्या. "व्याहीबुवा इथे बसून बोलतायत असं वाचा."

मग त्यांनी नीट वाचलं. "'मी लहान होतो तेव्हा आई गेली. तेव्हापासून मरीयेलाच आई म्हणत आलो. आपण मित्राला सांगतो ना, माझ्यासाठी प्रार्थना कर, तसंच तिला सांगतो. देव मानून पूजत नाही तिला. तुम्ही तिला वशिला म्हणालात, ते फार लागलं.'" सासऱ्यांनी फोन मांडीवर ठेवला. चष्मा काढून ते उगाच पुसत बसले.

"आता तुमचं उत्तर वाचा."

उत्तर लिहून तयार होतं, पाठवायचं तेवढं बाकी होतं. "'तुमच्या मठ्ठ डोक्यात...'" सासरे थांबले.

"पुढे?"

"पुढे काही नाही. खोडतोय."

तेव्हापासून नियमच झाला, आणि तो मी लगेच ग्रुपवर टाकला: जे आईंना मोठ्याने वाचून दाखवता येणार नाही, ते इथे लिहायचं नाही. विहीणबाईंच्या कानावर जाणार म्हटल्यावर बाबाही वरमले, 'दीडशहाण्यां'चे एकदम 'अभ्यासू' झाले. वाद थांबला असं समजू नका, उलट रंगला! संत, पोप, कृपा, कर्मं, काही म्हणून सोडलं नाही. पण 'तुमचं म्हणणं मला असं कळलं, बरोबर ना?' असं आधी विचारून मग भांडायचे. मी तर भांडणाची वाट बघायला लागले.

पायरीचं मात्र कुणी काढेना. बाबा मला फोन करत, "त्यांना सांग, माझ्या मनात काही नाही."

"तुम्हीच सांगा ना."

"तू सांग गं. तुझं ऐकतात."

आणि मग सासऱ्यांचा घसा बसला. असा बसला की तोंडातून नुसती हवा यायची. त्यांनी नेमकं तेव्हाच ग्रुपवर लांबलचक काहीतरी लिहिलं होतं. मी वाचायला फोन उचलला, तर सासूबाई म्हणाल्या, "तू नको. तू दोन्ही दगडांवर पाय ठेवतेस. तुझ्या बाबांना फोन लाव." मी लावला. "व्याहीबुवा, आमच्या ह्यांचा आवाज गेलाय. ह्यांचं म्हणणं वाचून दाखवायला कुणी नाही. तुम्ही या."

विहिणीला नाही म्हणायची बाबांची काय बिशाद! आले. दारात घुटमळले, चप्पल काढायला नको इतका वेळ लावला, मग आत आले. सासरे धडपडत उठून उभे राहिले. बाबा बसले, फोन हातभर लांब धरला आणि आपल्या दणदणीत आवाजात वाचू लागले.

"'मरीयेचा मी अपमान केला, ते चुकलंच. माझं सांगणं एवढंच आहे. मी अनाथ पोर. माझ्यासाठी कुणाकडे शब्द टाकेल असं माझं कुणीच नव्हतं. तेव्हा देवाने माझं स्वतः ऐकलं. म्हणून मी सगळ्यांना सांगत सुटतो, की दार उघडं आहे, सरळ आत जा.'"

शेवटचं वाक्य बाबांनी पुन्हा वाचलं, कुणी सांगितलं नसताना, हळू आवाजात.

"अगं बाई," सासूबाई म्हणाल्या, "हे असं म्हणत होते होय इतकी वर्षं!"

सासरे जोरजोरात मान हलवत होते. मला रडूही येत होतं आणि हसूही.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. "त्यांना सांग..." म्हणाले. मग स्वतःच सासऱ्यांकडे वळले. "व्याहीबुवा, मी फार बोललो. माफ करा मला."

सासऱ्यांनी त्यांचे दोन्ही हात धरले. ओठ हलले, आवाज नाही. बाबांनी कान त्यांच्या तोंडाशी नेला, नीट ऐकून घेतलं, आणि सासूबाईंकडे वळून गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "विहीणबाई, व्याहीबुवांसाठी विनंती करतो. चहा होतोय का?"

सासूबाई हसत सुटल्या ते स्वयंपाकघरात जाईपर्यंत. मी बाबांची चप्पल नीट लावायला दाराशी गेले. जिन्याच्या तोंडाशी, भिंतीला टेकवून, पाळण्याचे सगळे भाग दोरीने बांधून ठेवलेले होते. येतानाच घेऊन आले होते बाबा.