सातवा प्रश्न

डॉक्टरबाईंनी फॉर्म उल्कासमोर सरकवला आणि सातव्या प्रश्नावर पेनाचं टोक ठेवलं. आजवर किती वेळा गरोदर राहिलात? पुढे श्रीनाथच्या अक्षरात शून्य होतं. घरात जर्मन फॉर्म नेहमी तोच भरायचा.

"हे बरोबर आहे?"

"गेनाऊ, अगदी बरोबर," श्रीनाथ म्हणाला. "आम्हाला मूल नाही."

उल्काचं डायलिसिस सुरू होऊन दोन वर्षं झाली होती. श्रीनाथ तिला आपली एक किडनी देणार होता. रक्तगट जुळला होता, तारीखही ठरत आली होती. पण शेवटच्या तपासणीत दोघांच्या रक्ताचे नमुने एकत्र केले, तेव्हा तिच्या रक्तानं त्याच्या पेशी मारून टाकल्या.

डॉक्टरबाई सावकाश बोलू लागल्या. "प्रत्येकाच्या पेशींवर त्याचे स्वतःचे रेणू असतात. शरीराच्या संरक्षक पेशींवर रिसेप्टर असतात. किल्ली कुलपात बसावी तसा ज्या रिसेप्टरमध्ये जो परका रेणू नेमका बसतो, त्यालाच तो चिकटतो. मग त्याच रेणूविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडीज, तयार होतात, आणि वर्षानुवर्षं राहतात. यांच्या रक्तातली प्रतिपिंडं तुमच्या रेणूंविरुद्ध आहेत. यांना कधी रक्त दिलेलं नाही. अशा वेळी ते रेणू बहुधा बाळाकडून आलेले असतात. बाळाचे निम्मे रेणू वडिलांचे."

श्रीनाथ काही बोलणार तोच उल्कानं पेन उचललं. शून्यावर रेघ मारून शेजारी एक लिहिला.

"चौथ्या महिन्यात गेलं," ती म्हणाली. "पुण्यात. अकरा वर्षं झाली."

तेव्हा श्रीनाथ हॅनोव्हरला एकटाच आला होता आणि ती व्हिसाची वाट बघत मागे राहिली होती.

"म्हणजे माझी किडनी..."

"तुमची नाही चालणार," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मृत दात्याच्या किडनीसाठीच्या यादीत यांचं नाव आहेच."

ट्रामच्या थांब्यावर दोघं बाकावर बसली. श्रीनाथ तिच्याकडे वळला.

"सांगितलं का नाहीस?"

"नवी नोकरी होती तुझी. प्रोबेत्साइट संपून कायम व्हायचा होतास."

"हॉस्पिटलमध्ये कोण होतं बरोबर?"

"कोणी नाही. रिक्षानं गेले, रिक्षानंच परत आले."

ट्राम आली, दारं उघडली. उल्का उठली. श्रीनाथ उठला नाही. त्यानं तिच्या कोटाची बाही धरली.

"मी आलो असतो गं."

"माहीत होतं," ती म्हणाली.

दारं मिटली. ट्राम निघून गेल्यावर ती पुन्हा त्याच्याशेजारी बसली.