बोटाच्या गोष्टी

जयश्रीनं मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला आणि चालू व्हिडिओ मध्येच थांबवला.

"पप्पा, त्याचा हात बघा. डावा."

चिंधानं चहाची बशी तोंडापासून खाली आणली. कापडाच्या कारखान्यात बारा तास आठ लूमवर, म्हणजे यंत्रमागांवर, उभं राहून तो नुकताच घरी पोचला होता. पाय भरून आले होते, कानात अजून खडखडाट चालू होता, आणि या पोरीला सकाळी आठ वाजता त्याला सिनेमा दाखवायचा होता. तरी त्यानं पाहिलं. सूट घातलेला एक गोरा माणूस उंच खुर्चीवर बसला होता, हाताशी पेला होता. डाव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट मात्र अर्ध्यावरच संपलं होतं.

चिंधानं आपला उजवा हात मांडीखाली सरकवला. त्याचंही तेच बोट तिथेच संपत होतं.

"कोण शे हाऊ?"

"डेव्ह ॲलन. आयर्लंडचा. आता नाही तो, वारला. बोट कसं गेलं ते दर वेळी नवीनच काहीतरी सांगायचा. अगदी तुमच्यासारखा."

एम.ए.च्या मॅडमनी वर्गात हजेरीच्या क्रमानं देश वाटले होते आणि जयश्रीच्या वाट्याला आयर्लंड आलं होतं. 'आयर्लंडचे लोकप्रिय विनोदवीर आणि त्यांचं योगदान', वेळ दहा मिनिटं. पहिल्या दिवशी ती रडली होती. मग पंधरा दिवस सुरतेच्या लिंबायत भागातल्या त्या दीड खोलीत आयर्लंडशिवाय दुसरा विषय नव्हता. पाद्र्यांची टर उडवणारे, मेलेल्या माणसाच्या घरी बसून हसणारे, स्वतःच्या बापाची नक्कल करणारे असे एकेक लोक तिनं घरात आणून बसवले. त्यातला एक स्पाइक मिलिगन तर अहमदनगरला जन्मलेला निघाला, बाप गोऱ्यांच्या फौजेत होता म्हणून. चिंधानं ही बातमी कारखान्यात चार जणांना सांगितली होती, जणू नगर त्याच्याच मालकीचं होतं.

"आज बारा वाजता आहे माझं," जयश्री म्हणाली. "शेवटचं एक वाक्य अडलंय. योगदान काय, ते. पप्पा, तुमचं बोट खरं कसं गेलं?"

कोपऱ्यात साडीला टिकल्या चिकटवत बसलेल्या त्याच्या बायकोनं, मंगलाबाईनं, मान वर केली नाही, पण तिचा हात थांबला.

चिंधाच्या बोटाच्या गोष्टी गल्लीत सगळ्यांना पाठ होत्या. उंदरानं नेलं. जिलेबीवाल्यानं मापात टाकून विकलं. गणपतीच्या मांडवात, हळदीच्या जेवणात, कुणाच्या तरी बारशाला, कुठेही चिंधा दिसला की लोक म्हणत, आप्पा, बोटाची सांगा. आणि चिंधा सांगे. लोक पोट धरून हसत. बावीस वर्षं हे चाललं होतं, आणि खरं सांगायचं तर त्याला आता त्याचा शिणवटा आला होता. पण हसवणाऱ्या माणसाला शिणवटा येतो हे कुणाच्या ध्यानीमनी नसतं.

"तुनी मायले पाहाले गयथू," तो म्हणाला, "तिनी भाकर वाढी. इतली गोड लागनी, बोटसकट खाई टाकी."

एरवी जयश्री हसली असती. आज तिनं वहीत काहीतरी लिहिलं आणि मग मोठ्यानं वाचलं:

"'आपल्या दुःखाची कीव कुणी करू नये म्हणून हे लोक ते दुःख हसण्यावारी नेतात. हेच त्यांचं योगदान.' बरोबर वाटतं?"

चिंधानं पडद्यावरच्या माणसाकडे पुन्हा पाहिलं. माणूस मजेत दिसत होता. मनात येईल ते सांगत होता, कारण त्याला काय सांगायचं हे कुणी शिकवून पाठवलेलं नव्हतं. हा फरक पोरीला सांगावा असं चिंधाच्या अगदी ओठावर आलं. तेवढ्यात खिशातला फोन वाजला.

कारखान्याचा शेठ होता.

"चिंधाभाई, मारुतीनो हाथ आवी गयो. तमे दवाखाने पोंची जाओ. शुं बोलवानुं ए तो तमने खबर छे."

मारुतीचा हात मशिनीत सापडला होता, आणि काय बोलायचं ते चिंधाला माहीत होतं. माहीत असणारच. आनंदा नावाच्या कामगाराच्या वेळी तोच गेला होता, हेमराजच्या वेळी तोच. शेठच्या कारखान्यात कुणाचं काही तुटलं की चिंधाला धाडायचं, असा रिवाजच पडला होता. बोट गेल्यावरही शेठनं त्याला कामावर ठेवलं होतं. छप्पन्न वर्षांच्या, साडेनऊ बोटांच्या माणसाला सुरतेत दुसरं कुणी दारात उभं केलं नसतं, हे शेठ कधी बोलून दाखवत नसे आणि चिंधा कधी विसरत नसे.

त्यानं चपला पुन्हा पायात सरकवल्या.

"झोपनात नही तुमी," मंगलाबाई म्हणाली.

"लगेच येस मी."

रिक्षात त्याला दोनदा डुलकी लागली. दवाखान्याच्या पायऱ्या तो कठड्याला धरून चढला. वरच्या लांब वऱ्हांड्यात मारुती एका खाटेवर पडला होता. उजवा हात मनगटापासून पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेला. सदऱ्यावर रक्त वाळलं होतं. हा परभणीकडचा पस्तिशीतला गडी, दोन वर्षांपूर्वीच सुरतेला आला होता. उशाशी त्याची बायको वत्सला उभी होती. चिंधाला पाहून तिनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

"भाऊ, सहा नंबरच्या मशिनीत दोन बोटं गेली हो. डॉक्टर म्हनत्यात, तिसऱ्याचं बी काई सांगता येईना."

"दुखतं का फार?"

"इंजेक्शन दिलंय," मारुतीच बोलला. जीभ जड झाली होती. "पन दुखायलंय. जी बोटं न्हाईत तीच दुखायलीत, चिंधाभाऊ."

चिंधानं मान डोलावली. ते दुखणं त्याला ठाऊक होतं.

मग तो खाली वाकला आणि हलक्या आवाजात, आनंदाला आणि हेमराजला सांगितलं होतं तसंच सांगायला लागला. पोलीस चौकीचा जमादार येईल, विचारेल. कारखान्याचं नाव घ्यायचं नाही. घरी झालं म्हणायचं. पाण्याच्या मोटरीत, दारात, कशातही. शेठ दवाखान्याचं बघतील, हात बरा झाला की काम देतील. कारखान्याचं नाव निघालं तर कागद होतील, तपास होईल, आणि मग कुणालाच काम राहणार नाही.

वत्सला सगळं ऐकून घेत होती. मध्येच म्हणाली, "पन आमच्या घरी मोटर न्हाई."

"मग दार म्हणा."

"दारात दोन बोटं तुटत्यात?"

चिंधानं खाटेवरची चादर सारखी केली.

मारुतीनं डावा हात उचलून चिंधाच्या बाहीला धरलं. औषधानं त्याचे डोळे मिटत होते, तरी तो हसायचा प्रयत्न करत होता.

"चिंधाभाऊ, तुमच्याकडं लई हायेत. त्यातली एक द्या मला. उंदराची द्या. गावाकडं बापाला फोन करायचाय, त्याला काय सांगू मी? निदान हसंल तरी म्हातारा."

आजवर कुणी त्याच्याकडे गोष्ट अशी मागितली नव्हती. लोक ऐकायला मागत. हा वापरायला मागत होता, उसन्या कोटासारखी, आणि पुढची वीस वर्षं तो ती अंगात घालून हिंडणार होता. मारुती मांडवात उभा आहे, भोवती माणसं हसतायत, हे चिंधाला स्पष्ट दिसलं.

तेवढ्यात जमादार आला. बगलेत कागदांचं पॅड, पोट सुटलेलं, चेहरा सकाळीच कंटाळलेला. चिंधासारखाच धुळ्याकडचा, पण जन्म सुरतेत गेलेला. त्यानं चिंधाकडे निरखून पाहिलं.

"अरे, तू तोच ना? उंदरानं बोट नेलं तो? गणपतीच्या बंदोबस्ताला होतो मी तुमच्या गल्लीत. काय हसवलं होतंस बाबा!" त्यानं खाटेच्या कडेला बूड टेकलं आणि पेन काढलं. "बोल, ह्याचं काय झालं?"

मारुतीनं चिंधाकडे पाहिलं. वत्सलानंही पाहिलं.

"ह्याचं सांगतो," चिंधा म्हणाला. "आधी माझं ऐका."

"सांग, सांग," जमादार ऐसपैस बसला. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानंही कूस बदलून तोंड इकडे केलं.

"लूमच्या गियरवर, हात आत जाऊ नये म्हणून, एक जाळी असते. दोन महिने ती निघालेली होती. मी कारखान्याच्या मास्तरला सांगितलं, मास्तरनं शेठला सांगितलं. शेठ म्हणाले, दिवाळीनंतर बसवू. माझी पाळी संपली, बदलीचा माणूस आला नाही, म्हणून मी तसाच उभा राहिलो. चौदावा तास होता. उभ्या उभ्या डोळा लागला. जाग आली तेव्हा बोट आत होतं."

जमादार हसायच्या तयारीनं तोंड अर्धवट उघडून बसला होता.

"शेठच्या भावानं रिक्षात घातलं. इथंच आणलं, ह्याच दवाखान्यात. सगळ्या वाटेनं माझ्याकडून घोकून घेतलं. कशात गेलं? दारात. कशात? दारात. रक्त गळतंय आणि मी म्हणतोय, दारात, दारात."

जमादार हसला. म्हातारा हसला. मारुतीच्या तोंडावरही गुंगीतलं हसू पसरलं, आणि वत्सलानं, नवऱ्याची दोन बोटं गेलेली असताना, पदर तोंडाला लावला. चिंधाच्या बोटाची गोष्ट होती; हसायचं असतं हे सगळ्यांना ठाऊक होतं.

एरवी अशा जागी तो थांबत असे. हसू पुरतं होऊ देत असे. आज तो थांबला नाही.

"डॉक्टरनं विचारलं, असं कसलं रे दार तुमच्याकडं? मी हसलो. तोही हसला. घरी आलो तर सगळे विचारायला लागले. दार सांगायची लाज वाटली, म्हणून उंदीर सांगितला. मग सांगतच राहिलो. पुढं आनंदाचा पंजा गेला, त्याला मी शिकवलं. हेमराजची तीन बोटं गेली, त्यालाही मीच शिकवलं. त्यांच्या बायका माझ्या पाया पडल्या."

आता जमादाराचं हसू नुसतं चेहऱ्यावर अडकून राहिलं होतं. त्याचं पुढे काय करावं हे त्याला कळत नव्हतं.

"आता ह्याचं सांगतो," चिंधा म्हणाला. "सहा नंबरचा लूम. माझं बोट गेलं तोच. जाळी अजून बसवलेली नाही."

वऱ्हांड्यात कुणाचं तरी सलाइनचं स्टँड घासत गेलं. म्हाताऱ्यानं हळूच तोंड भिंतीकडे केलं. मारुतीनं डोळे मिटले, पण बाही सोडली नाही. खिशात फोन वाजायला लागला. चिंधानं तो काढून पाहिला, शेठच होता. त्यानं फोन तसाच वाजत खाटेवर ठेवला.

जमादारानं पेनचं टोक कागदावर टेकवलं आणि उचललं.

"चिंधा, हे मी लिहिलं तर संध्याकाळी तुला कोणी कारखान्यात घेणार नाही. समजतंय ना?"

"समजतं."

"मग ही गोष्टच समजू? की लिहू?"

चिंधाचे डोळे चुरचुरत होते. उभं राहवत नव्हतं. त्यानं खाटेच्या लोखंडी कांबीला हात टेकला, तो अर्ध्या बोटाचा हात.

"लिहा. चिंधा दौलत बागूल, राहणार लिंबायत," तो म्हणाला, आणि मग त्यानं बावीस वर्षांपूर्वीची तारीख सांगितली, वार सांगितला, वेळ सांगितली. ती कुणी विचारली नव्हती.