सोनूबाईंची लुगडी

अलिबागच्या आमच्या भगिनी मंडळात कोणी भाषण करी, कोणी पेटी वाजवी, आणि सोनूबाई लोकांची लुगडी पळवीत. पळवीत म्हणजे अगदी वाळत घातलेली, दोरीवरून! तान्ह्या बाळाला नवं कापड टोचतं, त्याला जुनेराचंच दुपटं हवं. आणि गरीब बाळंतिणीच्या घरी जुनेर असतं ते तिच्या अंगावरच. म्हणून मंडळ दुपटी शिवून वाटत असे. एकवीस साली मंडळ निघालं तेव्हापासून जुनेरं गोळा करायच्या कामाला सोनूबाईंनी दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. "विरलंय की गो हे," म्हणत त्या कापड उजेडाला धरत आणि खाकोटीला मारत. नूरबानूची चांगली वापरातली ओढणी अशीच गेली. ती तावातावानं भांडायला आली, बोलता बोलता दुपटं शिवायला बसली आणि मंडळातच राहिली.

चौतीस सालचा पाऊस सरता सरता सोनूबाई तापानं गेल्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. शोकसभेला त्यांचे यजमान शिवदासभाऊ एक बोचकं घेऊन आले.

"तिची लुगडी आहेत. धुऊन आणलीत," ते म्हणाले. "यांची दुपटी करायला सांगा, म्हणून बजावून गेलीय. तेवढं झालं की मी सुटलो."

बोचक्याला कोणी हात लावेना. अध्यक्ष नीराबाई माझ्या कानाशी लागल्या. "गेलेल्या बाईचं कापड, त्यात तिच्या पोटी काही नाही. कोणती आई घेईल? त्यापेक्षा भिंतीवर चांगला मोठा फोटो लावू."

माझं डोकंच फिरलं. हळू बोलणं मला कधी जमलेलं नाही. "अख्ख्या गावाची पोरं जिनं गुंडाळली, तिचं कापड अशुभ? आणि फोटो काय बाळाखाली अंथरायचा?"

बायका हसल्या. नीराबाईही हसल्या आणि गोड आवाजात म्हणाल्या, "मग पहिलं दुपटं तुमच्या काशीलाच शिवा ना!"

काशी माझी एकुलती एक लेक. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, दिवस भरत आलेले, माझ्या शेजारीच सतरंजीवर बसली होती. खरं सांगते, भीती वाटली. लोकांच्या लेकरांपुरती मी मोठी शूर होते. शिवदासभाऊ खाली मान घालून बोचक्याची गाठ पुन्हा मारू लागले. ते बघवेना, म्हणून मी नजर सतरंजीवर वळवली.

काशीनं हात पुढे केला. "काका, ते हिरवं द्या. तेच जास्त मऊ दिसतंय." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आई, घाबरायचं तर घाबर. पण शिव."

शिवलं. टाक्याटाक्याला पालीच्या बल्लाळेश्वराला हाक मारली. दिवाळीनंतर काशीला मुलगी झाली, सावळी, गुटगुटीत आणि जन्मताच रागावलेली. हिरव्या दुपट्यात गुंडाळली तेव्हा कुठे गप्प झाली. मी मात्र ढसाढसा रडले.

बारशाला शिवदासभाऊ आले ते उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. मी त्यांना आत बोलावलं, खाली बसवलं आणि पोरीला दुपट्यासकट त्यांच्या मांडीवर ठेवलं. ते पार गडबडले.

"हिला धरायचं कसं?"

"असं, मानेखाली हात घालून. कधी घेतलं नाहीत मूल?"

"नाही. तिला वाईट वाटेल म्हणून कोणाचंच उचललं नाही." त्यांनी हिरव्या काठावरून बोट फिरवलं. पोरीनं ते बोटच पकडलं.

आत पाळणा सजला होता. बायका केव्हाच्या गाणं म्हणायला खोळंबल्या होत्या. "आणा हो पोरीला, नाव ठेवायचंय!" कोणीतरी हाक मारली.

"थांबा जरा," शिवदासभाऊ मान वर न करता म्हणाले.

बायका माझ्याकडे पाहू लागल्या. मी काही बोलायच्या आतच नीराबाई म्हणाल्या, "थांबू की. पाळणा कुठे पळून जातोय?"