बाराव्या मिनिटाला

आमच्या घरात मला डॉक्टर म्हणतात. मी कंप्युटर दुरुस्त करतो, म्हणून. सोळा वर्षं माझं दुकान आहे आणि सोळा वर्षांत हे टोपणनाव मला कधी खटकलं नाही. उलट कुणी विसरलं तर मीच आठवण करून द्यायचो. त्यामुळे जे झालं ते दुसऱ्या कुणी सांगण्यापेक्षा माझ्याच तोंडून आलेलं बरं.

बाबांना पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांची वाचा गेली. उजवा हात महिन्याभरात सावरला, पण शब्द काही येईनात. घशातून नुसता आवाज निघायचा आणि त्या आवाजाला ते स्वतःच दचकायचे. हॉस्पिटलातल्या, बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी व्यायामांचे व्हिडिओ दिले. रोज सकाळी चाळीस मिनिटं समोरच्या बाईंचे ओठ बघायचे आणि आपले तसे हलवायचे. फोनवर बाबांना ते ओठ दिसेनात, तेव्हा मी म्हटलं, हात्तिच्या, मी मोठ्या पडद्याचा कंप्युटर जोडून देतो की.

बाबा दादाकडे असतात, माझ्या गावाहून तीन तासांवर. मी नवे भाग घेऊन गेलो, दादाच्या बैठकीच्या खोलीत जमिनीवर पसारा मांडला आणि बाबांना भेटायला आलेल्या मामा-मावश्यांसमोर तासाभरात मशीन उभं केलं. एकेका भागाचं नाव सांगत, कोट्या करत. चालू केलं, व्हिडिओ लावला, त्यातल्या बाई मिनिटभर बोलल्या आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दुकानात माझा एक नियम आहे. गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी प्रत्येक मशीनवर तासभर व्हिडिओ चालवून बघायचा. त्या दिवशी मला पाचची बस गाठायची होती. घरचंच तर काम, म्हणून मी नियम गुंडाळून ठेवला.

आठवड्याभरात वहिनींचा फोन आला.

“भाऊजी, तो कंप्युटर मध्येच थांबतो हो. बाईंचं तोंड उघडंच्या उघडं राहतं, आवाज अडकतो, आणि मग काही केल्या हलत नाही.”

“काय दाबलंत?”

“काहीच नाही. आम्ही नुसते बघत होतो.”

“वहिनी, काहीच न करता काही होत नसतं. तुम्ही काहीतरी केलंच असणार.”

इथून माझं उंटावरून शेळ्या हाकणं सुरू झालं. बंद करून चालू करा. ब्राउझर साफ करा. चित्राचा दर्जा कमी करा. राउटर खिडकीपाशी न्या. ब्राउझर काढून टाका, पुन्हा घाला. वहिनी मी सांगेन ते सगळं निमूट करायच्या आणि दुसऱ्या दिवशी बाराव्या मिनिटाला बाईंचं तोंड पुन्हा उघडं राहायचं. एकदा त्या म्हणाल्या, “थांबायच्या आधी त्याच्या आतल्या पंख्याचा आवाज फार वाढतो हो.” मी म्हटलं, “पंखा आहे तो, आवाज करणारच. गाणं म्हणायला लावू का त्याला?” त्या हसल्या. वहिनी हसल्या म्हणजे विषय संपला, असा माझा समज होता.

शेवटी मी वैतागलो. “अडकण्याआधी काय काय दाबता ते रोज वहीत लिहून ठेवा,” म्हटलं, “म्हणजे तुमची चूक तुम्हालाच सापडेल.” आणि एवढ्यावर न थांबता घरच्या ग्रुपवर लिहिलं, ‘नाचता येईना अंगण वाकडं! आमच्या वहिनींनी हात लावला की कंप्युटरचीसुद्धा वाचा जाते.’ मामानं हसऱ्या तोंडांची रांग पाठवली. बाबांची वाचा खरोखर गेलेली असताना मी हे लिहिलं. वहिनींनी काही उत्तर दिलं नाही, आणि ते तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही.

तीन महिने असे गेले. मग दादाचा फोन आला.

“डॉक्टर, एकदा येऊन जा रे. हॉस्पिटलच्या बाई आज चिडल्या. म्हणाल्या, घरी व्यायाम होतच नाहीत असं दिसतंय. पहिल्या सहा महिन्यांत जेवढं बोलणं येईल तेवढं सोपं, पुढं फार जड जातं. चार गेले. दोनच राहिलेत.”

मी बुधवारी दुकान बंद ठेवलं आणि गेलो. मनातून मी वहिनींवर चिडलेलो होतो, हेही सांगून टाकतो.

बाबा खुर्चीत तयार बसले होते. दाढी केलेली, अंगात स्वच्छ शर्ट. वहिनींनी वही माझ्या हातात दिली. मी ती न बघताच टेबलावर टाकली आणि व्हिडिओ लावला. पडद्यावरच्या बाईंनी ‘आ’ केला, बाबांनी ‘आ’ केला. बाईंनी ओठ मिटले, बाबांनी मिटले. पंख्याचा आवाज वाढत गेला. बाराव्या मिनिटाला बाई तोंड उघडून थिजल्या, आणि त्यांच्याकडे बघत बाबाही तसेच तोंड उघडं ठेवून बसून राहिले. वहिनींनी हलकेच त्यांच्या हनुवटीला हात लावला, तेव्हा त्यांनी तोंड मिटलं. हे रोज होत असावं, दोघांच्या अंगवळणी पडलेलं होतं.

मशीन पुन्हा चालू होईपर्यंत हाताला चाळा म्हणून मी वही उघडली. वहिनी शाळेच्या ग्रंथालयात दुपारी पुस्तकांच्या नोंदी करतात. अक्षर मोत्यासारखं.

‘४ तारीख. आठला सुरू, आठ बाराला बंद. काही दाबलं नाही. पंखा मोठ्यानं.’

‘५ तारीख. आठ अकराला बंद. काही दाबलं नाही. लगेच पुन्हा लावला, चार मिनिटांत बंद.’

‘९ तारीख. आज गारठा होता, खिडकी उघडी होती. आठ एकोणीसपर्यंत चालला.’

‘१४ तारीख. आज माउसला मी हात लावला नाही. बाबांनाच लावायला सांगितला. तरी बंद.’

अशी पानंच्या पानं. आणि शेवटच्या पानावर, ‘माझी चूक मला सापडत नाही.’

धंद्यात कालपरवा आलेल्या माणसानंही पहिलं पान वाचून सांगितलं असतं की आतला प्रोसेसर तापतोय. गारठ्यात जास्त चालतो, लगेच लावला तर कमी चालतो, पंखा जिवाच्या आकांतानं फिरतो, आणखी काय हवं? वहिनींनी दुखणं ओळखून लिहून ठेवलं होतं. मी फक्त ते वाचायचं होतं.

मी झाकण काढलं. प्रोसेसरवर धातूचा ठोकळा बसवतात, प्रोसेसरची उष्णता त्यानं ओढून घ्यायची आणि वरच्या पंख्यानं ती उडवून लावायची, असा हिशेब असतो. मी ठोकळ्याला बोट लावलं. प्रोसेसर भाजत असताना ठोकळा जेमतेम कोमट होता. म्हणजे उष्णता ठोकळ्यापर्यंत पोचतच नव्हती. वहिनी चहा टाकायला आत गेल्या होत्या. मी स्क्रू सोडवले आणि ठोकळा उलटा केला.

तळाला पारदर्शक प्लास्टिकचा पापुद्रा चिकटलेला होता. नव्या ठोकळ्यावर असतो, चरे पडू नयेत म्हणून. त्यावर लाल अक्षरात छापलेलं होतं, बसवण्यापूर्वी काढा. मामाला कुठलीशी कोटी ऐकवता ऐकवता मी तो न काढताच ठोकळा बसवला होता.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि अशा वेळी भला माणूस काय करेल ते मी केलं नाही. पापुद्रा ओरबाडला, घडी केली आणि शर्टाच्या खिशात घातला.

“सापडलं का हो काही?” वहिनी चहा घेऊन आल्या.

“धूळ,” मी म्हणालो.

त्या वाकून आत बघू लागल्या. “दिसत तर नाही.”

“बारीक असते. दिसत नाही.”

“अगंबाई! मी रोज पुसते, पण वरूनच. आतही बसत असेल हे मला कुठं ठाऊक?” त्यांचा चेहरा उतरला. “माझ्यामुळे बाबांचे इतके दिवस...”

मी ठोकळ्याखाली उष्णता वाहून नेणारी नवी पेस्ट लावून सगळं जागच्या जागी बसवलं. व्हिडिओ सुरू केला. बारावं मिनिट गेलं, विसावं गेलं. पुढचा भाग वहिनींनी या पडद्यावर कधी पाहिलाच नव्हता. आता बाई अक्षरं जोडून शब्द करायला शिकवत होत्या. बाबा ओठांची धडपड करत होते, पण त्यांना ते झेपेना. पहिला भाग सोडून त्यांना काही ठाऊकच नव्हतं. चाळीस मिनिटं कंप्युटर एकदाही अडकला नाही. पंख्याचा आवाज ऐकूसुद्धा येत नव्हता.

तेवढ्यात दादा दुपारच्या जेवणाला घरी आला. “काय निघालं?” त्यानं विचारलं.

“धूळ होती आत,” वहिनीच म्हणाल्या. “माझंच लक्ष नव्हतं.”

“तरी मी सांगत होतो, जरा बघत जा. तीन महिने उगाच आमच्या डॉक्टरच्या डोक्याला ताप.” दादा हसला. वहिनींनी मान डोलावली.

मी बाबांकडे पाहिलं. बाबा माझ्या शर्टाच्या खिशाकडे बघत होते. पापुद्रा काढताना, घडी करताना, लपवताना ते समोरच बसले होते, त्यांनी सगळं पाहिलं होतं. आणि ते कुणाला सांगू शकणार नव्हते. खोटं कशाला बोलू, क्षणभर मला त्याचा आधार वाटला. बरंय, बाबा बोलू शकत नाहीत, असं माझ्या मनात आलं. बाकी सगळ्याची लाज एका बाजूला आणि त्या एका क्षणाची एका बाजूला.

मी खिशातून पापुद्रा काढून टेबलावर ठेवला.

“धूळ नव्हती,” मी म्हणालो. “हे होतं. बसवताना काढायचं असतं, मी काढलं नाही. वहिनींनी काही बिघडवलं नव्हतं. वहीत त्यांनी सगळं बरोबर लिहिलं होतं, मीच ती आज पहिल्यांदा उघडली. आणि आत्ताही मी खोटं बोललो.”

वहिनींनी पापुद्र्याची घडी उलगडली आणि उजेडात धरून लाल अक्षरं वाचली.

“हे काढायला किती वेळ लागतो?”

“एक सेकंद.”

“एक सेकंद,” त्या म्हणाल्या. त्या ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

“वहिनी, माझं चुकलं. मी ग्रुपवर लिहितो सगळं. आत्ताच लिहितो.”

“लिहा. पण ते बाहेर जाऊन लिहा. बाबांना अजून एकदा बसायचंय. दोनच महिने आहेत हातात.” मग त्यांनी माझ्या हाताखालून माउस ओढून घेतला. “खुर्ची सोडा, भाऊजी.”

मी उठलो. ग्रुपवर लिहिलं, जसं घडलं तसं, आणि दारात येऊन उभा राहिलो. वहिनी बाबांच्या शेजारी बसल्या होत्या. पडद्यावरच्या बाई म्हणाल्या, पाणी. बाबांनी ओठ मिटून उघडले आणि ‘पा’ आला, चांगला स्पष्ट. वहिनींनी पुढच्या अक्षरासाठी मान पुढे केली. बाबांची जीभ हलत होती, कपाळावर घाम आला होता. आम्ही सगळेच वाट बघत राहिलो. ‘णी’ काही आला नाही.