उपरण्याखालचा हात

तात्यासाहेबांनी तळहातावरच्या तंबाखूला चुना लावला आणि अंगठ्यानं मळायला सुरुवात केली, तशी सोनियानं पेन्सिल उचलून कागदावर भराभर शब्द टिपायला घेतले. तंबाखू मळून, दोनदा थोपटून, फुंकर मारून ओठात जाईपर्यंत बरोबर एक मिनिट होतं. परीक्षेत विषयाचं कार्ड हातात पडल्यावर तयारीला एवढाच वेळ मिळतो. नर्स म्हणून सोनियाचा तंबाखूला विरोध होता. उमेदवार म्हणून तिची काही तक्रार नव्हती.

चिमूट ओठात गेली. सासऱ्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि मान हलवली. मान हलवली म्हणजे बोला. सोनियानं इंग्रजीत आपल्या आजोबांबद्दल सांगितलं. ते शाळामास्तर होते, पहाटे उठून झाडांना पाणी घालत, शिस्त आणि वेळेचं महत्त्व त्यांच्याकडूनच ती शिकली. दोन मिनिटं झाली तसा मोबाईल कोंबड्यासारखा आरवला. ती थांबली.

समोरचा काळा चष्मा जागचा हलला नव्हता.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तात्यासाहेब फुलंब्रीहून आले होते. डॉक्टरांनी त्यांना ऊन, धूळ, वाकणं, ओझं उचलणं आणि टीव्ही बंद केला होता. शेतकऱ्याच्या आयुष्यातून एवढं वजा केलं की शहरातल्या हडको वसाहतीतल्या दोन खोल्यांत खुर्चीवर बसलेला एक काळा चष्मा उरतो. सोनिया दुपारी दोनला ड्युटीवरून यायची, त्यांच्या डोळ्यात थेंब टाकायची आणि चार वाजता त्यांच्यासमोर परीक्षेला बसायची. आधी हे काम तिच्या नवऱ्याकडं होतं. पण चितेगावच्या कंपनीतून दमून आलेला अतुल तिसऱ्या वाक्याला हसायचा आणि पाचव्या वाक्याला झोपायचा. परीक्षक यातलं काहीच करत नसतात. तात्यासाहेबांना इंग्रजीतले स्टार्टर, फ्यूज आणि सबसिडी एवढेच शब्द कळायचे, त्यामुळं त्यांचा चेहरा परीक्षकाला शोभेल असा कोरा राहायचा.

इंग्लंडमधल्या एका हॉस्पिटलनं सोनियाला घ्यायचं कबूल केलं होतं. अट इंग्रजीच्या परीक्षेची होती, चारही भागांत सात. मागच्या खेपेला ऐकणं, वाचणं, लिहिणं सगळं जमलं आणि बोलण्यात साडेसहा आले. अर्ध्यानं अडलं. हॉस्पिटलनं नम्र भाषेत कळवलं होतं की या महिन्याअखेरपर्यंत जागा राखून ठेवू, त्यानंतर ती दुसऱ्या कुणाला देऊ.

"कसं झालं, मामा?"

"कोरडं."

"म्हणजे?"

"मोटर चालू हाय, पाणी नाय."

तात्यासाहेबांचं निम्मं आयुष्य बोअरच्या मोटरचा आवाज ऐकण्यात गेलं होतं. पाइपाच्या तोंडाशी जाऊन बघायची त्यांना गरज पडत नसे. बाजेवर पडल्यापडल्या ते सांगायचे, आता पाणी ओढतेय, आता नुसतीच फिरतेय.

"कोणाचं सांगत व्हतीस?"

"आजोबांचं."

"तुझा आजा म्हंजी कचरू दलाल." तात्यासाहेबांनी थोडा वेळ विचार केला. "तो मास्तर कवा झाला?"

सोनियानं मान खाली घातली. हे आजोबा तिचे नव्हते, क्लासचे होते. निराला बाजारातल्या क्लासच्या सरांनी महत्त्वाच्या विषयांची उत्तरं झेरॉक्स करून वाटली होती आणि 'प्रभाव टाकणारी व्यक्ती' या पानावर हे आजोबा होते. सरांच्या मते ते सुरक्षित होते. त्यांच्यात पुरेसे अवघड शब्द होते आणि वादाचं काही नव्हतं. गेल्या चार वर्षांत शहरातल्या दीड-दोनशे उमेदवारांना हेच आजोबा लाभले होते. परीक्षकांची अशी समजूत झाली असणार की या गावात एकच म्हातारा आहे आणि तो पहाटे उठून घरोघरच्या झाडांना पाणी घालत फिरतो.

तिनं हे सगळं सांगितलं. तात्यासाहेब बाल्कनीत जाऊन पिचकारी मारून आले.

"मग कचरूचंच सांग की."

"बैलबाजारातल्या दलालाचं काय सांगायचं, मामा? बरं दिसतं का ते?"

"हात आण इकडं."

त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढून दोघांच्या हातांवर पसरलं. उपरण्याखाली त्यांचा खरबरीत हात तिची बोटं चाचपू लागला. बाजारात भाव असा ठरायचा. भोवती शंभर माणसं उभी असली तरी किती मागितले आणि किती दिले हे दोन हातांनाच कळायचं. एक बोट धरलं की एक. अख्खा पंजा धरला की पाच. त्याच्यापुढं जायचं असेल तर पंजा सोडून पुन्हा बोटं धरायची. बोटाच्या मधल्या पेरावर दाबलं की अर्धा. आणि ठरलं की हातावर दोनदा थोपटायचं, मग माघार नाही. सोनियाला यातलं काहीच माहीत नव्हतं. आजोबा गेले तेव्हा ती सहावीत होती आणि दलाली ही घरात पाहुण्यांपुढं न काढायची गोष्ट होती.

मग तात्यासाहेबांनी ते तिशीचे असतानाची गोष्ट सांगितली. फुलंब्रीच्या बाजारात एक पांढराशुभ्र बैल त्यांच्या मनात भरला होता. विकणारा कचरूचा पाहुणा होता. कचरूनं सगळ्यांसमोर बैलाच्या पाठीवर थाप मारली आणि मोठ्यानं सांगितलं की असं जनावर अख्ख्या तालुक्यात नाय.

"आन् उपरण्याखाली असा चिमटा काढला की आठ दिवस वळ व्हता."

"चिमटा म्हणजे किती?"

"कितीबी नाय. घेऊ नको म्हंजी."

तात्यासाहेबांनी बैल घेतला नाही. ज्यानं घेतला त्याच्या रानात तो पहिल्याच तासाला नांगरासकट खाली बसला आणि पुढं बहुधा बसूनच राहिला.

"मग तुम्ही आजोबांना काही म्हणाला नाही? आभार वगैरे?"

"बाजारात कोण म्हणतं तसं?" तात्यासाहेबांनी उपरणं झटकून खांद्यावर टाकलं. "त्याची नात केली की पोराला."

सोनियाची आजवर अशी समजूत होती की तिला नर्सिंगच्या नोकरीमुळं पसंत केलं होतं. ती उठून चहा ठेवायला गेली आणि चहा उकळून निम्मा होईपर्यंत तिथंच उभी राहिली.

दुसऱ्या दिवसापासून क्लासचे आजोबा घरात आले नाहीत. सोनिया कचरू दलालाबद्दल बोलली. उपरण्याला इंग्रजीत काय म्हणायचं इथं अडली, कापड म्हणून पुढं गेली आणि मोबाईल आरवला तरी बोलत राहिली. मग वॉर्डातल्या पेशंटबद्दल बोलली, बंद पडणाऱ्या लिफ्टबद्दल बोलली, लग्नात रुसलेल्या मावशीबद्दल बोलली. व्याकरण जागोजागी मोडायचं. तात्यासाहेब डोळे मिटून ऐकायचे. काळ्या चष्म्यामुळं ते कुणाला दिसत नसे. शेवटी निकाल एका शब्दाचा असायचा. कोरडं, किंवा लागलं. हळूहळू 'लागलं'चे दिवस वाढत गेले.

फुलंब्रीहून सासूबाईंचा, चतुराबाईंचा, रोज फोन यायचा. मका सोंगायला आली होती, माणसं मिळत नव्हती, आणि डोळ्याच्या ऑपरेशनला इतके दिवस लागत नाहीत असं त्यांना शेजारच्या तिघींनी सांगितलं होतं.

"परीक्षा हाय आमची," तात्यासाहेब सांगायचे.

चतुराबाई त्यावर जे बोलायच्या ते फोन कानापासून लांब धरूनही ऐकू यायचं.

परीक्षेला नऊ दिवस असताना डॉक्टरांनी डोळा तपासला आणि म्हणाले, झकास आहे, आता चष्मा काढा, गावाला जा. सोनिया तेव्हा तिथंच उभी होती. संध्याकाळी तात्यासाहेबांनी फोनवर बायकोला सांगितलं की डॉक्टर अजून पंधरा दिवस सोडत नाही म्हणतात. सोनियानं हे स्वयंपाकघरातून ऐकलं. तिनं कणीक मळली, पोळ्या केल्या आणि कुणी न सांगता त्यांच्या पोळीवर तूप जरा जास्तच सोडलं. तात्यासाहेबांनी ते मुकाट्यानं खाल्लं. दुसऱ्या दिवशी चार वाजता ते पुन्हा काळा चष्मा लावून खुर्चीत बसले.

परीक्षा जालना रोडवरच्या एका हॉटेलात होती. सोनिया परत आली तेव्हा तात्यासाहेब दारातच उभे होते, अर्थात चपला नीट लावण्याच्या निमित्तानं.

"काय विषय निघाला?"

"नीट ऐकून घेणाऱ्या एखाद्या माणसाबद्दल बोला म्हणाल्या बाई."

"मग? कोणाचं सांगितलंस?"

सोनियानं पर्स खुंटीला अडकवली, मग काढून दुसऱ्या खुंटीला अडकवली.

"आजोबांचंच. कचरू आजोबांचं."

तात्यासाहेब काही वेळ कान देऊन उभे राहिले.

"कोरडं वाजलं," ते म्हणाले.

सोनिया हातपाय धुवायला गेली. तात्यासाहेबांनी तिच्या चपला कोपऱ्यात सरळ लावल्या, स्वतःच्या त्यांच्याशेजारी लावल्या आणि मग बराच वेळ बाल्कनीत जाऊन उभे राहिले. त्या दिवशी त्यांनी तंबाखू मळलीच नाही. रात्री जेवताना अतुलनं पेपर कसा गेला म्हणून विचारलं, तेव्हा त्याला उत्तर वडिलांनीच दिलं.

"पोरगी बोलली म्हंजी बोलली. तू जेव."

निकाल पाचव्या दिवशी लागायचा होता. त्या दिवशी दुपारी तात्यासाहेब पिशवी भरत बसले होते. चतुराबाईंनी सकाळी सांगितलं होतं की आज आला नाहीत तर मीच येते, आणि हे त्या नुसतं बोलायच्या नाहीत. दोन धोतरं, औषधाची बाटली, डॉक्टरांचा कागद. सगळ्यांच्या वर त्यांनी काळा चष्मा ठेवला आणि चेन ओढली. अतुल पहिल्या पाळीवरून लवकर आला होता आणि गेला तासभर मोबाईल हातात घेऊन घरभर फिरत होता. त्याला सोनियानं दूध आणायला पाठवलं. घरात दूध होतं.

मग तिनं आपला मोबाईल उघडला, पाहिला आणि पालथा ठेवला.

तात्यासाहेब खुर्चीत सरळ बसले, हात गुडघ्यांवर ठेवले आणि समोरच्या भिंतीकडं बघू लागले. चष्म्याशिवाय त्यांचा चेहरा परीक्षकासारखा अजिबात दिसत नव्हता.

सोनिया त्यांच्याजवळ स्टूल ओढून बसली. त्यांच्या खांद्यावरचं उपरणं तिनं काढलं, दोघांच्या हातांवर पसरलं आणि त्याच्याखाली त्यांचा हात शोधला. आधी अख्खा पंजा धरला. सोडला. मग दोन बोटं धरली.

तात्यासाहेबांनी श्वास सोडला. पण तिनं हात काढला नाही. तिसऱ्या बोटाचं मधलं पेर तिनं अंगठ्यानं दाबलं आणि दाबूनच ठेवलं.

जिन्यात कुणाच्या तरी चपला वाजल्या आणि वरच्या मजल्यावर गेल्या. साडेसात म्हणजे काय, हे तात्यासाहेबांना आता तिच्याइतकंच कळत होतं. आधी ती जाणार, मग सहा महिन्यांनी अतुल. त्यानंतर डोळे दाखवायला आलं तरी हडकोत उतरायला घर राहणार नाही.

"अशी पोरगी," ते मोठ्यानं म्हणाले, जणू भोवती शंभर माणसं उभी होती, "अख्ख्या तालुक्यात नाय."

सोनियाचा हात उपरण्याखाली जागच्या जागी थांबला. तिनं ओठ दाबले आणि वाट पाहिली. आता चिमटा येईल. आला असता तर तिनं काय केलं असतं हे तिचं तिलाही ठाऊक नव्हतं.

खालचा खरबरीत हात बराच वेळ हलला नाही. मग तो वळला, तिच्या हाताच्या पाठीवर आला आणि त्यानं हलकेच थोपटलं. एकदा. आणि जरा थांबून, आणखी एकदा.