उताणी पडणारी कवडी

मी कवडी बोलतेय, आणि आधी तक्रार सांगते. माझ्यात जादू नाही, हे मी जन्मभर ओरडून सांगितलं. एकानेही विश्वास ठेवला नाही. कवडीला तोंड असतं, दातसुद्धा असतात, पण ऐकून घ्यायला सवड कुणाला आहे?

ठाण्याच्या कोळीवाड्यात मी एका हिकमती कोळ्याच्या हाती लागले. तिथे नारळीपौर्णिमेला नारळांच्या पैजेवर कवड्या टाकायचे. त्याने एक दिवस जाळ्याच्या शिशाचा तुकडा माझ्या तोंडातून आत कोंबला आणि वरून लाख ओतली. पाठ जड झाली. तेव्हापासून कशीही फेका, मी आपली उताणीच. नारळ घरात मावेनात. गाव म्हणे, दामाजीवर खाडीची कृपा आहे. तो नुसता मिशीत हसायचा. मेला तेही हे गुपित न सांगता.

मला त्याने त्याच्या लेकीला, दगडाबाईला, खेळायला दिलेलं. तिच्या दप्तरात बसून मी चौथीपर्यंत शिकले. मग तिच्या डोक्यावर मासळीची टोपली आली आणि आम्हा दोघींची शाळा सुटली. मी टोपलीत शकुनाला. मासळी खपली की कवडी पावली, पडून राहिली की आज बाजारच मेला. माणसांची ही खोड मला कधी पटली नाही.

दगडाबाईची मुलगी मालू नववीत जायची होती, त्र्याण्णव सालच्या मे महिन्यात. दगडाबाई ज्या बिल्डिंगमध्ये मासळी द्यायची आणि मालू सुट्टीत खेळायला जायची, तिथल्या आनंदला मामाने अमेरिकेहून खेळाचं जाडजूड पुस्तक आणलेलं. गोष्ट आनंद सांगणार, गुहा, राक्षस वगैरे, आणि बाकीच्यांनी जादूगार व्हायचं. आपली जादू येते कुठून, ते आधी कागदावर लिहायचं.

"तीनच रस्ते आहेत," आनंद म्हणाला. "अभ्यास करून पोथीतून, भक्ती करून देवाकडून, नाहीतर घराण्यातून, रक्तातच."

बिल्डिंगमधल्याच उत्तराने पोथी घेतली, जयाने देव.

"माझी खाडीतून येते," मालू म्हणाली.

"असं नसतं गं."

"मग पोथीत कुठून आली? पहिल्या माणसाने कुठलं बघून लिहिलं?"

आनंदने पानं चाळली. "पुस्तकात नाही म्हणजे नाही. घराणं लिहायचं तर सांग, तुमच्यात कोण होतं?"

मालूने रकाना कोरा ठेवला, पण उठली नाही.

खेळाचे फासे मामा विमानात विसरलेला. म्हणून कवड्या. मंत्र म्हणायचा, कवडी टाकायची, उताणी पडली तर मंत्र लागला. उत्तरा आणि जयाने आनंदच्या आईच्या शोकेसमधल्या घेतल्या. मालूने घरून, आईच्या टोपलीतून, मला आणलं. उत्तराची पोथी सातातून पाच वेळा फुकट गेली. मालूचे नऊच्या नऊ मंत्र लागले आणि राक्षस मेला.

आनंदने मला उचलून स्वतः तीनदा फेकलं. तीनदा उताणी.

"ही भरलेली आहे. चीटिंग केलीस तू. उद्यापासून येऊ नकोस."

"आई म्हणतेच," उत्तरा म्हणाली, "कोळणीकडे वजन बघून घ्यावं."

"मी काही भरलेलं नाही," मालू म्हणाली. "आणि मी जाणार पण नाही."

पोर खरं बोलतेय, तिला माहीतच नाही, असं मी बोंबलत होते. तेवढ्यात दगडाबाई कोलंबी घेऊन दारात आली.

"काय झाला गो?"

"आये, मला चोर म्हणतात."

दगडाबाईने मला कानाशी हलवलं. मग अंबाड्यातला आकडा काढून माझ्या तोंडात खुपसला. लाखेचा भुगा पडला आणि मागून शिसं, लादीवर टण्णकन. मालूचं तोंड उतरलं.

दगडाबाईने तुकडा निरखला आणि खाली बसून पोट धरून हसली. "यो शिसा माझे बापाचे जाल्याचा हाय. म्हणून म्हातारा नारळ जिंकायचा." मग हसू पुसून उत्तराकडे वळली. "माझे पोरीला चोर बोलायचा नाय. चोर मरून पंधरा वर्षं झाली. आन आयशीला सांग, रोज वजन बघून घे, माझी ना नाय."

मालूने हात पुढे केला. "आनंद, कागद दे. घराण्यात कोण होतं विचारलेलंस ना?"

"अगं, पण ही लबाडी आहे."

"असू दे. आली तर रक्तातूनच ना?"

आनंदने पुस्तक मिटलं. मग पेन्सिल दिली.

आता मी पोकळ आहे. कधी उताणी पडते, कधी पालथी. मालू पुढे माझ्यावरच खेळली, राक्षसांनी तिला दोनदा खाल्लं, पण तिला उठवायची कुणाची छाती झाली नाही. माझं एवढंच म्हणणं आहे: मला शकुनाला बसवू नका, देव्हाऱ्यात नको, शोकेसमध्ये तर नकोच. फेका मला. जे पडेल ते माझं स्वतःचं असेल.

तो कागद मालूच्या डब्यात माझ्याखाली घडी करून आहे. जादू कुठून आली, त्या रकान्यात तिने एकच नाव गिरवून लिहिलंय, कृपेचं तेच आणि गुन्ह्याचंही तेच: दामाजी.