बिडाचा तवा

आई गेल्यावर दादानं परस्पर ठरवून टाकलं की बाबा त्याच्याकडे राहायला जाणार. बाबा म्हणाले, मी हे घर सोडून कुठंही येणार नाही. मग दादानं अट घातली. रविवारी तो जेवायला येईल, बाबांनी स्वतः करून वाढायचं. जमलं तर राहा, नाहीतर मुकाट्यानं बॅग भरा. शिकवणी अर्थातच माझ्या गळ्यात पडली.

रजा टाकून आले. रडू येत नव्हतं. आतून नुसती बधिर झाले होते, तोंड तेवढं चालू होतं. हा मैदा, हे कॉर्नफ्लॉर. दिसायला सारखंच, पण चिमटीत दाबलं की कॉर्नफ्लॉर करकरतं. हा खायचा सोडा, जास्त पडला की साबण खाल्ल्यासारखं लागतं. हा झारा, तळलेलं काढायला. बाबा जन्मभर वर्कशॉपात फिटर. त्यांनी ओट्यावर पळ्या-सुऱ्या पान्यांसारख्या उंचीनुसार लावल्या आणि झारा कशाला ते पुन्हा विचारलं. मी खेकसले. आई असती तर हसली असती, असं मनात आलं, पण तेही शेजारच्या कुणाबद्दल यावं तसं.

शनिवारी आईच्या तव्यावर आम्लेट जमलं. कड न मोडता अलगद उलटलं. बाबांनी ते ताटलीत घेतलं आणि बराच वेळ खाल्लंच नाही.

रविवारी मी भाजी घेऊन आले तर आईचा बिडाचा तवा चकाकत होता. दादा येणार म्हणून बाबांनी पॉलिश पेपर लावून तो पार उघडा केला होता. काळाकुट्ट झाला होता, म्हणाले. हात बरबटलेले, स्वारी खूश. मी काही बोलायच्या आत दादा दारात हजर.

आम्लेट चिकटलं. दुसरं केलं, तेही चिकटलं. एरवी पानातल्या कशालाही नाक मुरडणाऱ्या दादानं तो खरवडलेला चुरा निमूट संपवला, म्हणाला, चव छान आहे, राहा तुम्ही इथंच. झालं होतं काम.

बाबा तवा उलटसुलट करून बघत होते. "काल सुटत होतं. आज याला काय झालं?"

आठवडाभर सगळं समजावलं होतं, त्याच वैतागात हेही समजावलं. "तो मळ नव्हता, बाबा. आईनं रोज तेल लावून, तापवून थर बसवला होता. लग्न झाल्यापासून."

त्यांचे हात थांबले. मी घाईघाईनं म्हटलं, परत बसवता येतो, मी दाखवते. त्यांनी नको म्हणून मान हलवली. तवा पुसला, जागेवर ठेवला, गॅस खाली सिलिंडरपाशी बंद केला.

मग दादाला म्हणाले, "माळ्यावरची लहान बॅग काढ. मोठी लागायची नाही."